‘पुएदो’ आणि ‘पोदेमोस’

लोर्काच्या कविता त्याच्याच भाषेत वाचायच्या, या हट्टापायी पन्नाशी उलटल्यावर मी स्पॅनिश शिकायला घेतलं आणि साध्या वर्तमानकाळातच अडकलो. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याची रूपं सरळ चालतात, आब्लो, आब्लास, आब्ला. पण ‘पोदेर’ म्हणजे शकणे. त्याचं ‘मी शकतो’ होतं ‘पुएदो’ आणि ‘आम्ही शकतो’ मात्र ‘पोदेमोस’! तक्ता घोकला. रात्री पाठ, सकाळी सपाट.

उलगडा झाला तो कानामुळे. ‘पुएदो’ म्हणताना जोर धातूवर पडतो, ‘पोदेमोस’मध्ये तो पुढे ‘दे’वर सरकतो. लॅटिनमधला ऱ्हस्व ‘ओ’ जोराखाली आला, की स्पॅनिशमध्ये त्याचा ‘उए’ झाला; जोर नसेल तिथे तो ‘ओ’च राहिला. ‘दोर्मिर’ म्हणजे झोपणे, त्याचंही तसंच: मी ‘दुएर्मो’, आम्ही ‘दोर्मिमोस’. ‘केरेर’मध्ये, म्हणजे हवे असणे, ‘ए’चा ‘इए’ होतो: ‘किएरो’, पण ‘केरेमोस’. स्पेनमध्ये २०१४ साली ‘पोदेमोस’ नावाचा राजकीय पक्षच निघाला. ते नाव आठवलं, की ‘आम्ही’चं रूप चुकत नाही.

काही रूपं मात्र मुकाट्याने पाठच करायची. ‘सेर’ म्हणजे असणे. त्याचं ‘मी आहे’ होतं ‘सोय’ (मराठी माणसाची ही सोयच). ही रूपं दिवसातून शंभरदा तोंडात येतात, म्हणूनच नियमाला न जुमानता टिकली. आपल्या ‘असणे’चं ‘आहे’ आणि ‘जाणे’चं ‘गेला’ तरी कुठल्या नियमात बसतं?

‘साबेर’ म्हणजे माहीत असणे. ‘मला माहीत आहे’ याला म्हणतात नुसतं ‘से’. लहान मुलं नियमाने ‘साबो’ म्हणतात. अमेरिकेत वाढलेल्या, आजी-आजोबांची स्पॅनिश धड न येणाऱ्या मुलांना ‘नो साबो’ म्हणून हिणवलं जातं. मला हे फार लागतं. ‘साबो’ म्हणणाऱ्या पोराला नियम पक्का कळलेला असतो, आपल्याकडे ‘मी करलं’ म्हणणाऱ्या पोरासारखा. अपवाद ऐकूनच येतो, आणि घरात त्या भाषेत कुणी बोलतच नसेल, तर तो कानावर पडणार कुठून?

परवा बोलण्याच्या भरात मीही ‘साबो’ म्हणून गेलो.