बोरिवलीच्या मैदानातला आवाज

सप्टेंबर २०२२ मध्ये नेहा कक्कडच्या आवाजात ‘ओ सजना’ आलं आणि उपनगरातल्या चाळिशीच्या बायका खवळल्या. मूळ गाणं १९९९ मधलं, फाल्गुनी पाठकचं ‘मैंने पायल है छनकाई’. फाल्गुनीनंही नाराजी लपवली नाही. कायदेशीर कारवाई करायला आवडलं असतं, पण गाण्याचे हक्क आपल्याकडे नाहीत, असं तिनं सांगितलं. नव्या गाण्यातल्या ठोक्यांपेक्षा हे वाक्य जास्त लागलं.

चार मुलींच्या पाठीवर खारच्या गुजराती घरात जन्मलेली ही पाचवी मुलगी. लहानपणापासून शर्ट-पँट घालायची, आणि स्टेजवरही तोच वेश राहिला. १९८७ पासून ती व्यावसायिक कार्यक्रम करू लागली. ती सुरुवातीची वर्षं बऱ्याच ऑर्केस्ट्रा गायिकांसारखीच, इतरांची गाणी गाण्यात गेली. पुढे ‘ता थैया’ हा तिचा स्वतःचा बँड झाला आणि चित्र पालटलं.

त्या काळी मुंबईत ‘बँड’ म्हटलं की धोबी तलावच्या रंगभवनातली गिटारवाली मुलं आठवायची. इंग्रजी वर्तमानपत्रं त्यांच्यावर लिहायची. उपनगरांतल्या मैदानांत नवरात्रात एक बाई पँट घालून, ढोल आणि कीबोर्डच्या साथीनं, तासन् तास न थांबता हजारोंना नाचवत होती. तिला मात्र ‘दांडियावाली’ म्हणून बाजूला ठेवलं गेलं. हा अन्याय होता. एवढा वेळ श्वास टिकवून गाणं, गर्दी थकली की लय उतरवणं आणि पुन्हा चढवणं, हे कोणत्याही रॉक गायकाइतकंच कसबाचं काम आहे.

१९९८ मध्ये ‘याद पिया की आने लगी’ हा अल्बम आला आणि ती मैदानातून घराघरांत पोचली. चॅनल व्ही आणि एमटीव्हीचे ते दिवस. अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’नं १९९५ मध्ये वाट मोकळी केली होती, पण त्या वाटेवर ग्लॅमर अपेक्षित होतं. फाल्गुनीनं ते नायिकांवर सोपवलं: एका व्हिडिओत रिया सेन, ‘मेरी चुनर उड उड जाए’मध्ये शाळकरी वाटणारी आयेशा टाकिया. ती स्वतः गोष्ट सांगणारी, प्रेमात पडलेल्या मुलीची बाजू घेणारी. ओढणी सावरणाऱ्या नायिकेशेजारी केस कापलेली, शर्टातली गायिका उभी असायची आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही. मुलुंड-अंधेरीच्या कित्येक मुलींना आपल्यासारखी बाई टीव्हीवर पहिल्यांदा दिसली ती तिच्या रूपात.

मग २००२ मध्ये ‘कांटा लगा’चं रीमिक्स गाजलं. कंपन्यांना जुन्याच मालावर नवा ठोका चढवणं स्वस्त पडू लागलं, वाहिन्या पुन्हा सिनेमाकडे वळल्या, कॅसेटची दुकानं मोबाइलची झाली. सिनेमाबाहेरचं हे पॉप, म्हणजे इंडिपॉप, संपलं. मराठीत ‘ऐका दाजिबा’नं वैशाली सामंतला घरोघरी नेलं तेही त्याच सुमारास, पण तशी लाट पुन्हा आली नाही.

पहाटेपर्यंत रंगणारा गरबाही गेला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्री दहाची मर्यादा कायम केली. बारापर्यंतची सूट मोजक्याच रात्री मिळते. आजाऱ्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी हे हवंच होतं. पण संथ गरब्यापासून हळूहळू वेग चढवत नेण्याची तिची खासियत त्या घड्याळात आखडली. त्यात पासांचे भाव. पूर्वी सोसायटीतली सगळी पोरं एकत्र जायची. आता घरटी हिशेब करावा लागतो.

ती मात्र दर नवरात्रात उभी असते. २०२२ मध्येही, नव्या गाण्याचा गदारोळ चालू असताना, बोरिवली पश्चिमेच्या मैदानावर तीच गात होती.

२०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गायकांना ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीत वाटा दिला खरा. पण नवं रूप करताना जुना आवाज घेत नाहीत, चाल आणि शब्द घेतात, आणि त्यांवर गायिकेचा हक्क नसतो. म्हणजे जिच्या गळ्यातून ते गाणं लोकांना माहीत झालं, तिची परवानगी घेण्याची कायद्यानं कुणालाच गरज नव्हती. ती तरतूद बदलायला हवी.