विश्लेषण : गुडघाभर पाण्यात माशाला माणसाची चाहूल कशी लागते? कयाकवरची ‘पाहून मासेमारी’ काय आहे?

अमेरिकेत टेक्सासच्या दक्षिण किनाऱ्याला लागून लगुना माद्रे नावाची लांबलचक, उथळ खाडी आहे. पूर्वेला पाद्रे बेटाची वाळूची भिंत, पश्चिमेला मुख्य भूमी आणि मध्ये सरासरी जेमतेम एक मीटर पाणी. मोठी नदी येऊन मिळत नाही, ऊन कडक, त्यामुळे हे पाणी बऱ्याचदा समुद्रापेक्षाही खारट असते. तळाशी समुद्री गवताची कुरणे आहेत. या कुरणांत चरणाऱ्या रेडफिशला आधी डोळ्यांनी शोधायचे, त्याच्या नकळत जवळ जायचे आणि मग गळ टाकायचा, हा तिथला लोकप्रिय छंद. त्यासाठी मोटरबोट नव्हे, तर एका माणसाची कयाक वापरणारे अनेक आहेत.

मासा दिसतो कसा?

रेडफिश गवतात खेकडे आणि कोळंबी शोधतो तेव्हा डोके खाली, शेपटी वर अशा अवस्थेत असतो. पाणी फूटभरच असेल तर शेपटीचे टोक पृष्ठभागाच्या वर येते आणि सकाळच्या उन्हात तांब्यासारखे चमकते. शेपटीच्या बुडाशी एक काळा ठिपका असतो, ती त्याची ओळख. शेपटी दिसली नाही तर पाण्याची लकेर पाहायची. वाऱ्याने उठलेल्या सुरकुत्या एका दिशेने जात असताना मध्येच एखादी लाट आडवी सरकली, तर खाली काहीतरी पोहते आहे.

सूर्य पाठीशी ठेवायचा आणि पोलराइज्ड चष्मा लावायचा. पाण्यावरून परावर्तित होणारी चकाकी बहुतांशी आडव्या दिशेने ध्रुवीकृत असते. चष्मा ती अडवतो आणि तळ दिसू लागतो. इथेच खरी अडचण सुरू होते.

बसावे की उभे राहावे?

पाण्याखालच्या माशाला वरचे सगळे जग सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसते. मासा अर्धा मीटर खोल असेल तर ही खिडकी पृष्ठभागावर साधारण सव्वा मीटरहून कमी रुंदीची. क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे आकाश तेवढ्यात कोंबलेले असते. क्षितिजाजवळच्या वस्तू खिडकीच्या कडेला चेपून अंधूक होतात. पाण्याच्या पातळीपासून दहा अंशांहून कमी उंचीवर दिसणारी वस्तू माशाच्या जवळपास लक्षातच येत नाही, असा ढोबळ हिशेब अनुभवी गळवाले मांडतात.

आता भूमिती करून पाहा. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोके पाण्यापासून मीटरभर उंच. तो सहा मीटरपर्यंत जवळ गेला तरी दहा अंशांच्या आत राहतो. तोच उभा राहिला तर अकरा मीटरवरच उघडा पडतो. मग बसूनच का जाऊ नये? कारण बसल्यावर त्यालाही मासा दिसत नाही. इतक्या तिरप्या कोनातून पाहिले की पाणी आरसा होते आणि महागडा चष्माही फारसा कामाला येत नाही. म्हणून बरेच जण रुंद बुडाच्या कयाकमध्ये उभे राहून शोध घेतात, मासा हेरला की खाली बसतात आणि मग पुढे सरकतात. ऐकायला सोपे वाटते. डुगडुगत्या कयाकमध्ये आवाज न करता खाली बसणे किती कठीण, हे करून पाहिल्यावरच कळते.

आवाजाचे काय?

मासेमारी करताना गप्प बसा, असे घरोघरी सांगितले जाते. पण हवेतील आवाजाची ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरते. हळू बोलल्याने मासा पळत नाही. वल्हे कयाकच्या काठावर आपटले, डबा प्लास्टिकच्या बुडावर पडला, तर मात्र तो ठोका थेट पाण्यात उतरतो. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. शिवाय माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. जवळच्या पाण्याची हालचाल ती टिपते. कयाकने ढकललेले पाणीसुद्धा त्यात आले.

म्हणून शेवटचे अंतर वल्हे न मारता, वाऱ्यावर वाहत कापायचे. थांबायचे असेल तर नांगर फेकायचा नाही. एक काठी चिखलात हळूच रोवून तिला कयाक बांधायची. काही जण उतरून चालत जातात. तेव्हा पाय उचलून टाकायचा नसतो, घासत न्यायचा असतो. वाळूत पुरून बसलेल्या पाकटावर पाय पडला तर शेपटीचा काटा पायात घुसतो.

गळ टाकतानाही माशाच्या डोक्यावर टाकला की खेळ संपला. आमिष तो जाणार त्या वाटेवर, त्याच्या थोडे पुढे आणि पलीकडे टाकायचे, मग ओढत त्याच्या समोरून न्यायचे. खेकडा कधी माशाच्या अंगावर धावून जात नाही. आमिषाने तसे केले तर मासा बिचकणारच.

हा मासा संपत कसा आला होता?

न्यू ऑर्लिन्सचे शेफ पॉल प्रुडोम यांनी मसाला लावून तापलेल्या बिडाच्या तव्यावर करपवलेला रेडफिश १९८० च्या दशकात अमेरिकाभर गाजवला. मागणी इतकी वाढली की मेक्सिकोच्या आखातात पिल्ले देणाऱ्या मोठ्या माशांचे थवेच्या थवे जाळ्यात ओढले गेले. या माशाची पिल्ले खाडीत वाढतात, तीन-चार वर्षांनी प्रौढ होऊन समुद्रात जातात आणि तिथे काही दशके जगतात. अशा वेळी समुद्रातला मोठा थवा गेला की कित्येक वर्षांची वीण एका फेरीत जाते.

टेक्सासने त्याआधीच, १९८१ मध्ये, जंगली रेडफिशच्या विक्रीवर बंदी घातली होती. केंद्रीय हद्दीतील व्यापारी मासेमारीही दशकाच्या उत्तरार्धात रोखली गेली. २००७ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या आदेशाने या माशाच्या संरक्षणाला आणखी बळ मिळाले. टेक्सासमध्ये आज २० ते २८ इंचांच्या दरम्यानचे तीनच मासे दिवसाला ठेवता येतात. त्याहून लहान मासा सोडावाच लागतो, मोठ्यासाठी परवान्यावरचा वेगळा टॅग लागतो.

मग आता धोका कशाचा?

कुरणांचा. उथळ पाण्यातून मोटरबोट नेली की पंखा गवत मुळासकट उपटतो. वरून पाहिले तर तळावर नांगरल्यासारखे पांढरे चरे दिसतात. काही जातींचे गवत तिथे पुन्हा भरायला अनेक वर्षे लागतात. असे गवत उपटणे टेक्सासमध्ये २०१३ पासून गुन्हा आहे. तरी किनाऱ्यालगत वेगाने बोट पळवून मासे उठवणारे आणि तासभर दबा धरून बसलेले कयाकवाले यांच्यात खटके उडतातच. कयाकवाल्यांची बाजू मला अधिक पटते. पण त्यांनाही थंडीपुढे उपाय नाही. फेब्रुवारी २०२१ च्या हिमलाटेत टेक्सास किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेल्याचा सरकारी अंदाज आहे. त्यातले बहुतेक लगुना माद्रेतले होते. उथळ पाणी लवकर गार होते आणि पळायला खोल जागा जवळ नसते.

कोकणात हे शक्य आहे का?

रेडफिश आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातला. या कुळातले मासे पोटातील हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात. घोळीची हीच पिशवी, म्हणजे भोत, सोन्याच्या भावाने विकली जाते. मात्र आपल्या खाड्यांचे पाणी भरती-ओहोटीने सतत ढवळलेले आणि गढूळ असते, तळ दिसण्याची शक्यता कमीच. तरीही खाडीकाठी पाग, म्हणजे फेकजाळे, खांद्यावर घेऊन उभा असलेला माणूस पाहा. बोयींचा थवा पाण्यावर बारीक थरथर उठवेपर्यंत तो हलत नाही आणि आपली सावली पाण्यावर पडणार नाही, अशा बाजूलाच उभा असतो.