फोटो क्लाउडवर आहेत, म्हणजे सुरक्षित आहेत का? घर आणि धंदा दोन्हींचा बॅकअप असा लावा



धंदा सुरू करताना आपण भांडवल, मार्केटिंग, हिशेब सगळ्यावर बोलतो. एक गोष्ट मात्र राहून जाते, ती म्हणजे मोबाईलमधले फोटो. आपला फोन एकच असतो. त्यात मुलीच्या बारशाचे फोटो, आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो, आणि त्यांच्याच मधे कालच्या ऑर्डरचा केक, मालाचं बिल, गिऱ्हाईकानं पाठवलेलं डिझाईन.

माझ्या बॅचमधल्या एक ताई घरून केक करून विकतात. फोन भरला, तेव्हा त्यांनी विचार केला, "फोटो क्लाउडवर आहेतच, मग इथले काढून टाकू." क्लाउडच्याच ॲपमध्ये जाऊन त्यांनी फोटो निवडले आणि डिलीट केले. अडीच महिन्यांनी कॅटलॉग करायला बसल्या, तर फोनमध्ये काही नाही आणि क्लाउडवरही काही नाही. दोन वर्षांचे केक गेले, आणि मुलाचा पहिला वाढदिवसही. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेले सात-आठ फोटो तेवढे परत मिळाले.

ॲपनं सांगितलं तेच केलं होतं. चुकली ती समज. म्हणून आधी समज पक्की करू.

सिंक म्हणजे आरसा, बॅकअप म्हणजे दुसरी प्रत

गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तुम्ही ॲपमधून डिलीट केला, तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही जातो. बॅकअप झालेले फोटो ‘बिन’ किंवा ‘ट्रॅश’ नावाच्या कचरापेटीत ६० दिवस राहतात. तेवढ्या मुदतीत परत आणता येतात, नंतर नाही. ताईंना उशीर झाला तो इथंच.

फोनमधली जागाच मोकळी करायची असेल, तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. तो फक्त बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढतो, क्लाउडवरची तशीच ठेवतो.

१५ जीबीचं गणित

गुगलच्या प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते. पूर्वी थोडे लहान केलेले फोटो कितीही ठेवता यायचे, पण १ जून २०२१ पासून ते बंद झालं. आता नवे फोटो या १५ जीबीतच मोजले जातात. जीमेल आणि ड्राइव्ह याच जागेत असतात. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा आता यातच धरला जातो.

आता धंद्याच्या नजरेनं बघा. लग्नाचे व्हिडिओ चढवून जागा भरली, तर जीमेलवर नवीन मेल येणं थांबतं. गिऱ्हाईकानं पाठवलेली चौकशी त्याच्याकडे परत जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. घरचा अल्बम भरला म्हणून दुकानाचं शटर खाली, असं झालं हे!

मग करायचं काय?

१. दोन खाती ठेवा. एक घरचं, एक धंद्याचं. कुटुंबाचे फोटो घरच्या खात्यात. प्रॉडक्टचे फोटो, बिलं, कॅटलॉग धंद्याच्या खात्यात. जागाही वेगळी राहते आणि उद्या मदतनिसाला धंद्याचं खातं दाखवावं लागलं, तर घरचे फोटो त्याच्यासमोर येत नाहीत.

२. बॅकअप खरंच चालू आहे का, ते बघा. ॲपमध्ये वर कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टॅप केलं की कळतं. कॅमेऱ्याचं फोल्डर सहसा आपोआप जातं. व्हॉट्सॲपचं फोल्डर मात्र वेगळं चालू करावं लागतं. सगळं फोल्डर चालू करू नका, नाहीतर ‘शुभ सकाळ’चे फोटोच जागा खातील. कामाचे तेवढे निवडा.

३. क्वालिटी ठरवा. घरगुती फोटोंना ‘स्टोरेज सेव्हर’ पुरतं. बॅनर किंवा पॅकिंगवर छापायचे फोटो ‘ओरिजिनल क्वालिटी’मध्ये ठेवा. छापखान्यात फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवायचा असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो दाबून लहान होतो.

४. शेअर करताना लिंक जपा. बहीण पुण्यात, भाऊ दुबईत असला तरी एक शेअर्ड अल्बम केला की सगळे त्यात आपापले फोटो टाकू शकतात. पण लिंक चालू असेल, तर ती ज्याच्या हाती पडेल तो फोटो बघू शकतो. घरच्या अल्बमला शक्यतो माणसं त्यांच्या जीमेलनंच जोडा. गिऱ्हाईकांसाठी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा आणि परवानगी ‘व्ह्यूअर’ एवढीच द्या. आधार, पॅन, चेकचे फोटो अशा फोल्डरमध्ये चुकूनही नकोत.

५. कुलूप लावा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. बॅकअप कोड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेल्या सिमचा तर नाही ना, तेही तपासा. आणि खातं वापरत राहा. सलग दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं.

६. तिसरी प्रत काढा. फोन एक, क्लाउड दुसरी, आणि तिसरी हार्ड डिस्कवर. ‘गुगल टेकआउट’मधून सगळे फोटो एकदम उतरवता येतात. दर तीन महिन्यांनी एक रविवार ठरवा. खतावणी बंद करतो तसंच हेही एक काम समजा.

आजचा गृहपाठ

आज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं काढा. जागा किती उरली आहे ते बघा, बॅकअप चालू आहे का ते बघा. मग घरातला सर्वात मौल्यवान एक फोटो आणि धंद्याचं सर्वात महत्त्वाचं एक बिल निवडा. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर आपल्या खात्यात लॉगिन करून दोन्ही उघडून बघा, आणि काम झालं की लॉगआउट करा. उघडले तर बॅकअप आहे. नाही उघडले, तर बरं झालं, आजच कळलं.

चला, लागा कामाला!