नेमबाजीची रेंज, शेजारचे वावर आणि कायदा

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. खेड्यातल्या मुलाच्या हातात रायफल म्हणजे पदकही असू शकते, हे त्या दिवशी घराघरांत पोचले. कोल्हापूरला तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या नेमबाजांमुळे ते आधीच ठाऊक होते. वाशिम जिल्ह्याच्या वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहा तालुक्यांत मात्र बंदूक म्हटले की अजून पोलीस ठाणे आठवते. त्यामुळे इथे नेमबाजीची रेंज उभारायचा विषय निघाला, की माहितीच्या आधी ऐकीव गोष्टी पुढे येतात.

पहिली ऐकीव गोष्ट अशी, की पोराला नेमबाजी शिकवायची तर आधी बंदुकीचा परवाना काढावा लागतो. नवशिका सुरुवात करतो ती १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलपासून. तिचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ज्या हवेच्या बंदुकीची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा, तिलाच परवाना लागतो. स्पर्धेची एअर रायफल या मर्यादेच्या बरीच खाली राहते. परवान्याचा प्रश्न येतो तो .२२ रायफल किंवा पिस्तूल हाती घेताना.

वयाबद्दलही असाच घोळ आहे. २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही, हे खरे. पण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ९ मध्येच प्रशिक्षणाची वाट ठेवली आहे. १२ वर्षे पूर्ण झालेले मूल जाणत्या प्रौढ व्यक्तीच्या थेट देखरेखीखाली सराव करू शकते. बंदूक मात्र त्याच्या नावावर नसते.

आता ज्या गैरसमजाने रेंज काढणाऱ्यांचेच सर्वाधिक नुकसान होऊ शकते, त्याकडे येतो. ‘एकदा मान्यता मिळाली, की शेजारचा माणूस काही करू शकत नाही,’ असे क्लब काढू पाहणाऱ्यांना वाटते. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत रेंजला आवाजाच्या दाव्यांपासून वाचवणारे खास कायदे आहेत. रेंज आधीची असेल आणि वस्ती मागून आली असेल, तर तक्रार सहसा टिकत नाही. ते ऐकून आपल्याकडेही तसे असेल असे गृहीत धरले जाते. भारतात असा कायदा नाही. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती रेंजलाही लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव थांबवण्याचा आदेश देऊ शकतात. ‘आम्ही आधीपासून इथे आहोत’ हे उत्तर तिथे पुरत नाही, कारण सार्वजनिक उपद्रव कितीही वर्षे चालला तरी त्याचा हक्क बनत नाही. आणि परवाना देणारे जिल्हादंडाधिकारी कार्यालय याच यंत्रणेचा भाग आहे, हे क्लबवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

फौजदारी कायद्यातली एक सवलत पुष्कळदा चुकीच्या अर्थाने सांगितली जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ प्रमाणे, १८ वर्षांवरील व्यक्तीने खेळातली जोखीम स्वतःहून पत्करली असेल आणि मृत्यू किंवा जबर दुखापतीचा हेतू अथवा संभवाची जाणीव नसेल, तर खेळताना झालेली इजा गुन्हा ठरत नाही. ही संमती खेळाडूची असते. धुऱ्यापलीकडे सोयाबीन निंदणाऱ्या बाईने कसलीच संमती दिलेली नसते. .२२ ची गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. तेव्हा निशाणामागचा मातीचा बांध आणि गोळी अडवणारी भिंत ही क्लबची पहिली कायदेशीर तटबंदी होय. तिच्यावर पैसे वाचवणाऱ्या क्लबला माझी अजिबात सहानुभूती नाही.

मग संरक्षण काहीच नाही का? आहे, आणि ते भक्कम आहे. फक्त ते शेजाऱ्याविरुद्ध नसून मनमानी नकाराविरुद्ध आहे. परवानाधारक किंवा केंद्र सरकारमान्य रायफल क्लबच्या सदस्याला निशाणाच्या सरावासाठी .२२ रायफल हवी असेल, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे, कलम १४ मधली कारणे आड येत नसतील तर, परवाना द्यायचा असतो. इतर अनेक परवान्यांत अर्जदाराला सबळ कारण पटवून द्यावे लागते. नकार देताना कारणे लेखी नोंदवावी लागतात, रद्द करतानाही. कलम १८ खाली अपील करता येते. वाशिमकरांसाठी ते अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे. २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येकाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तेव्हा खेळाडूंचीही शस्त्रे जाणार अशी आवई उठली होती. रायफल क्लबच्या सदस्यांना सरावाच्या .२२ व एअर रायफलसाठी कलम ३ मधली सूट कायम आहे.

वाशिमची अशी एक खास अडचण आहे. कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य याच जिल्ह्यात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्रपरवाना देता येत नाही. कारंजा भागात जागा पाहणाऱ्याने सातबाऱ्याआधी हे अंतर मोजावे. ते नंतर कळले तर वर्ष वाया जाते.

याच्याशीच जोडलेली एक धोकादायक समजूत आहे: ‘क्लबची रायफल घरी असली, की रानडुकरं अन् रोही हाकलता येतील.’ तुरीचे वावर एका रात्रीत उकरलेले पाहिल्यावर मनात हा विचार का येतो, हे मला कळते. पण पिकाच्या रक्षणासाठी शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि रानडुक्कर मारण्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. सरावाची रायफल वावरात चालवली, तर त्या माणसाबरोबर अख्ख्या क्लबचा परवाना संशयात येतो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणे हा तर शस्त्र अधिनियमाच्याच कलम २५(९) खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती. मावळणकर स्पर्धा म्हणतात ती त्यांच्याच नावाची. या खेळाला मराठी माणूस असा जुना जोडलेला आहे. वाशिममध्ये सुरुवात करायची, तर बंद हॉलमध्ये १० मीटरच्या चार लेन, मागे पक्की भिंत, दारावर कुलूप, बंदूक आणि छर्ऱ्यांची नोंदवही आणि राज्य संघटनेशी संलग्नता, एवढ्याने करता येईल. तिथला आवाज शेजारच्या वावरात पोचतही नाही. .२२ ची उघडी रेंज त्यानंतर, गावाच्या ग्रामसभेत आधी बोलून, मोकळ्या माळावर.