नव्वद कॉलेजांचं एक बिल

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्याची सरकारी विद्यापीठं एकामागोमाग एक तेच रडगाणं गात होती: ग्रंथालयात पुस्तकं ठेवायला जागा नाही, नवी इमारत बांधायला पैसे द्या. उच्च शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या ओहायो बोर्ड ऑफ रीजेंट्सने पैसे देण्याआधी एक समिती नेमली. समितीने १९८७मध्ये सुचवलं ते असं, की प्रत्येकाला नवी इमारत देण्यापेक्षा फारशी न लागणारी पुस्तकं ठेवायला विभागवार सामायिक गोदामं बांधावीत आणि सगळ्या विद्यापीठांचा मिळून एकच संगणकीय कॅटलॉग करावा. त्यातून १९९२मध्ये ‘ओहायोलिंक’ सुरू झालं. आज जवळपास नव्वद विद्यापीठं आणि कॉलेजं त्यात आहेत, शिवाय राज्य ग्रंथालयही.

पहिली काही वर्षं हा कारभार छापील पुस्तकांचाच होता. १९९४पासून विद्यार्थ्याने कॅटलॉगमध्ये पुस्तक शोधायचं, ते दुसऱ्या गावच्या विद्यापीठात असेल तर स्वतःच बटण दाबून मागवायचं, आणि काही दिवसांत ते गाडीने आपल्या कॉलेजच्या काउंटरवर यायचं. ग्रंथपालाची सही नाही, अर्ज नाही. सामायिक कॅटलॉगची सवय या राज्याला आधीपासून होती. जगभरच्या ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र ठेवणारी ओसीएलसी ही संस्था १९६७मध्ये इथेच, ओहायोतल्या कॉलेजांचं सामायिक ग्रंथालय केंद्र म्हणून जन्मली.

मग जर्नलं छापील कागदावरून पडद्यावर आली आणि ‘उसनं देणं’ या व्यवहाराचा पायाच बदलला. छापील पुस्तक ग्रंथालयाने विकत घेतलं की ते त्याच्या मालकीचं. अमेरिकन कायद्यानुसार ते कोणाला वाचायला द्यायचं हे प्रकाशक ठरवू शकत नाही. ई-जर्नलच्या बाबतीत ग्रंथालय विकत घेतं तो वाचण्याचा परवाना. मजकूर असतो प्रकाशकाच्या सर्व्हरवर, आणि तो कोणी, कुठून, किती वाचायचा हे करारात लिहिलेलं असतं. म्हणून राज्यभरची ग्रंथालयं ‘ई-साधनं वाटून घेतात’ असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ती एक करार वाटून घेत असतात. तांत्रिक भाग त्यामानाने सोपा आहे. खरी डोकेफोड बिलाची.

हे बिल कसं तयार होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. समजा, एक प्रकाशक हजार जर्नलं काढतो. एक मोठं विद्यापीठ त्यातली सहाशे घेतं आणि वर्षाला पाच लाख डॉलर भरतं. शेजारच्या गावातलं छोटं कॉलेज वीस जर्नलं घेतं, पंधरा हजार डॉलर भरतं. प्रकाशक कन्सोर्टियमला, म्हणजे ग्रंथालयांच्या अशा गटाला, म्हणतो, तुम्ही सगळे मिळून आज जेवढे पैसे देता तेवढे द्या, वर थोडी टक्केवारी द्या, आणि सगळ्या सभासदांना सगळी हजार जर्नलं उघडून देतो. प्रकाशकाला हे परवडतं, कारण एकदा सर्व्हरवर चढवलेला लेख आणखी पन्नास कॉलेजांना दाखवायला त्याला जवळजवळ काही लागत नाही, आणि काही वर्षांचं उत्पन्न आजच पक्कं होतं. छोट्या कॉलेजची तर चांदीच. वीसच्या जागी हजार जर्नलं, आणि बिल जवळपास तेवढंच. ओहायोने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅकॅडेमिक प्रेस आणि एल्सव्हिअर या प्रकाशकांशी असे करार केले. पुढे वापर मोजला तेव्हा दिसलं, की उतरवून घेतलेल्या लेखांपैकी निम्म्याहून अधिक लेख अशा जर्नलांतले होते, जी त्या-त्या कॉलेजने पूर्वी कधी घेतलीच नव्हती. ग्रंथपाल वर्षानुवर्षं विचारपूर्वक निवड करत होते असं आपण मानतो. वाचकांची भूक मात्र त्या निवडीबाहेर बरीच होती.

या व्यवहाराला ‘बिग डील’ हे नाव चिकटलं ते विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाचे ग्रंथालय संचालक केनेथ फ्रेझियर यांच्या २००१च्या लेखामुळे. तो लेख कौतुकाचा नव्हता. त्यांचा मुद्दा असा, की एकदा गठ्ठा घेतला की त्यातलं नको असलेलं जर्नल बंद करता येत नाही, बिल दरवर्षी ठरलेल्या टक्क्यांनी वाढत राहतं, आणि बजेट कमी झालं की कात्री लागते ती गठ्ठ्याबाहेरच्या छोट्या प्रकाशकांना आणि पुस्तकांना. पुढे बऱ्याच ठिकाणी तसंच झालं.

आता सभासदांमध्ये बिल वाटायचं कसं? हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कोणालाही हा वाद समजेल. मेंटेनन्स प्रत्येक फ्लॅटला सारखा, की चौरस फुटांप्रमाणे, की पाणी जेवढं वापरलं तेवढा? कन्सोर्टियममध्ये ‘चौरस फूट’ म्हणजे विद्यार्थिसंख्या, आणि तीही डोकी मोजून नव्हे. पूर्णवेळ विद्यार्थ्यांत रूपांतर करून मोजतात, म्हणजे अर्धवेळ शिकणारे दोघे मिळून एक. ‘पाणी’ म्हणजे वापर. शिवाय एक चौथा पाया आहे, आणि बिग डीलमध्ये बहुतेक ठिकाणी तोच चालत आला: करार झाला त्या वर्षी तुम्ही छापील अंकांवर किती खर्च करत होता, तो आकडा. त्यामुळे ज्या विद्यापीठाने करारापूर्वी काटकसर म्हणून शंभर जर्नलं बंद केली होती ते कायमचं स्वस्तात सुटलं, आणि ज्याने इमानदारीने सगळी चालू ठेवली ते पुढची वीस वर्षं जास्त भरत राहिलं. दोघांना मिळतं सारखंच. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी कोणीतरी हा विषय काढतं, आणि कोणाचा तरी हिस्सा वाढल्याशिवाय दुसऱ्याचा कमी होत नाही, म्हणून तो पुढच्या बैठकीवर जातो. राज्य सरकारने मधल्यामध्ये काही रक्कम स्वतः उचलली तर तोंडं जरा गोड होतात. ओहायोलिंक टिकलं त्याला राज्याच्या अनुदानाचा हात मोठा आहे, असं मला वाटतं.

दुसऱ्या राज्याने याच प्रकाशकाला किती पैसे दिले, हे कळलं तर घासाघीस करायला बरं. पण करारांत अनेकदा गुप्ततेचं कलम असायचं. टेड बर्गस्ट्रॉम, पॉल कूरंट आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी यावर सरळ मार्ग काढला. सरकारी विद्यापीठांचे करार म्हणजे सार्वजनिक कागदपत्रं, म्हणून त्यांनी राज्याराज्यांच्या माहिती अधिकारासारख्या कायद्यांखाली ते मागवले. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने करार देऊ नये म्हणून एल्सव्हिअर २००९मध्ये कोर्टात गेलं आणि हरलं. या मंडळींचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास सारख्याच आकाराची विद्यापीठं सारख्याच गठ्ठ्यासाठी बरेच वेगवेगळे पैसे मोजत होती.

करार झाला की वाचकापर्यंत तो पोचतो कसा, हे आता एका क्लिकच्या मागे जाऊन बघू. ओहायोतल्या टोलेडोच्या विद्यापीठातली एक विद्यार्थिनी कॅम्पसवर बसून लेख उघडते. प्रकाशकाच्या सर्व्हरला तिचं नाव-गाव काही कळत नाही. तो फक्त विनंती कुठल्या आयपी पत्त्यावरून आली ते बघतो. तो पत्ता विद्यापीठाच्या यादीत असला की दार उघडतं. ही यादी ग्रंथालयाने प्रकाशकाला कळवलेली असते, आणि संगणक विभागाने नेटवर्क बदलून ग्रंथपालाला सांगायचं राहिलं की सोमवारी सकाळी काउंटरवर रांग लागते. तीच मुलगी रात्री घरून लेख उघडते तेव्हा पत्ता तिच्या घरच्या इंटरनेट कंपनीचा. मग तिला विद्यापीठाचा लॉगिन मागितला जातो आणि पुढची सगळी ये-जा विद्यापीठाच्या प्रॉक्सी सर्व्हरमधून, म्हणजे मध्यस्थ संगणकातून, होते. प्रकाशकाला वाटतं, विनंती कॅम्पसवरूनच आली. यासाठी ग्रंथालयांत सर्रास वापरलं जाणारं ईझीप्रॉक्सी हे सॉफ्टवेअर ख्रिस झागर या अ‍ॅरिझोनातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या ग्रंथपालाने १९९९मध्ये लिहिलं. आता ‘शिबोलेथ’सारखी पद्धतही आहे. त्यात विद्यापीठ प्रकाशकाला एवढंच सांगतं, की ही व्यक्ती आमची आहे, बाकीची माहिती आमच्याकडे राहू द्या.

एकाच प्रॉक्सीमागे हजारो वाचक असण्याचा एक तोटा आहे. कोणीतरी प्रोग्राम लावून एका रात्रीत चार हजार लेख उतरवायला घेतो. प्रकाशकाची यंत्रणा तो पत्ता बंद करते. पत्ता प्रॉक्सीचा, म्हणजे घरून वाचणारे सगळेच बाहेर. ग्रंथपाल मग लॉग उघडून ती एक व्यक्ती हुडकतो, तिचं खातं थांबवतो, प्रकाशकाला ‘बंदोबस्त केला’ म्हणून कळवतो, आणि दार पुन्हा उघडेपर्यंत फोन घेत बसतो.

वर्षअखेरी आकडे येतात. पूर्वी प्रत्येक प्रकाशक आपल्या सोयीने मोजायचा, त्यामुळे तुलना अशक्य. २००३पासून ‘काउंटर’ नावाची सामायिक नियमावली आली. तिचे नियम किती बारीक आहेत याचा नमुना: एकाच वाचकाने तोच लेख तीस सेकंदांच्या आत दोनदा उघडला तर तो एकदाच धरायचा, कारण पान लवकर दिसलं नाही की माणूस पुन्हा टिचकी मारतो. एकूण बिलाला या आकड्याने भागलं की एका वापराची किंमत निघते. ही किंमत दोन डॉलर आली तर कोणी काही बोलत नाही. साठ आली, तर लेख सुटा विकत घेणं स्वस्त पडलं असतं असं कोणीतरी बैठकीत म्हणतंच. पण हा आकडाही जपून वापरावा लागतो: संस्कृत हस्तलिखितांवरचं जर्नल वर्षातून नऊदा उघडलं जातं, आणि त्या नऊ वेळा उघडणाऱ्याला दुसरं जर्नल चालत नाही.

करारात नसलेल्या ग्रंथालयाने लेख मागितला तर? इथे एक मजेशीर तरतूद अनेक वर्षं होती, काही करारांत अजून आहे. पीडीएफ जशीच्या तशी पाठवायची नाही. ती छापायची, छापलेला कागद स्कॅन करायचा, आणि ते स्कॅन पाठवायचं. फाइल समोर उघडी असताना प्रिंटर चालू करून तिचा दर्जा मुद्दाम एक पायरी खाली आणण्याचं हे काम कर्मचाऱ्यांनी निमूटपणे केलं. चांगला कन्सोर्टियम असली कलमं नव्या करारातून काढायला लावतो. एकट्या कॉलेजचं कोण ऐकतं?

सगळ्यात महत्त्वाचं कलम करार संपतानाचं. वीस वर्षं पैसे भरले आणि एकविसाव्या वर्षी थांबलो, तर आधीची वीस वर्षं वाचता येतील का? ज्यांनी सही करताना हे लिहून घेतलं त्यांना येतात. ओहायोने सुरुवातीलाच वेगळी वाट धरली होती: १९९८मध्ये आपलं इलेक्ट्रॉनिक जर्नल सेंटर काढून प्रकाशकांकडून आलेले लेख स्वतःच्याच यंत्रांवर ठेवायला घेतले. खर्चिक आणि किचकट काम, पण मजकूर हातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९च्या फेब्रुवारीत एल्सव्हिअरशी बोलणी तोडली तेव्हा आधीच्या बहुतेक अंकांचा हक्क हाताशी होता. नवे लेख दोन वर्षं इतर वाटांनी मिळवले, आणि २०२१च्या मार्चमध्ये नव्या अटींवर करार झाला. त्यात तिथल्या संशोधकांचे लेख जगाला खुले ठेवण्याची तरतूद होती.

आपल्याकडे हाच मार्ग राज्यांऐवजी केंद्राने धरला. विद्यापीठ अनुदान आयोगाचं यूजीसी-इन्फोनेट, तंत्रशिक्षण संस्थांचं इंडेस्ट आणि कॉलेजांसाठीचं एन-लिस्ट हे २०१५मध्ये ‘ई-शोधसिंधु’त एकत्र आले, कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, ६,३००हून अधिक संस्था, आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. लाभार्थी १ कोटी ८० लाख धरले, तर माणशी वर्षाला साधारण अकराशे रुपये पडतात. सभासदांनी आपापसांत बिल वाटण्याची भानगड उरली नाही, कारण भरणारा एकच. मात्र योजनेत येतात त्या केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था, आणि केंद्राच्या संशोधन संस्था. महाराष्ट्रातली बरीचशी कॉलेजं खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. पगार सरकारी अनुदानातून, व्यवस्थापन संस्थेचं. त्यामुळे जिल्ह्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजचा प्राध्यापक ‘एन-लिस्ट’मधून मिळेल त्यावर भागवतो, तर त्याच गावातल्या सरकारी कॉलेजमध्ये सगळी तेरा हजार जर्नलं उघडतात. ही योजना वाढवण्याची मागणी करणाऱ्यांनी आधी या रेषेकडे बोट दाखवावं.

ओहायोत करारातले आणि कराराबाहेरचे यांच्यातली अशी रेषा पुसायला एक जुनी तरतूद थोडीफार मदत करते. बहुतेक परवान्यांत ‘आत येऊन बसलेला वाचक’ धरलेला असतो: विद्यार्थी नसलेला कोणीही ग्रंथालयाच्या इमारतीत आला आणि तिथल्या सार्वजनिक संगणकावर बसला, तर त्याला लेख वाचता येतो. घरी लॉगिन मात्र मिळत नाही. मुलांकडे सहा महिने अमेरिकेला गेलेल्या, दुपारी काय करायचं या विवंचनेतल्या निवृत्त प्राध्यापकांनी जवळच्या सरकारी विद्यापीठाच्या काउंटरवर ‘गेस्ट लॉगिन आहे का’ एवढं विचारावं. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट सोबत असावा.