काट्याचा आकडा संगणकात कसा शिरतो

शिक्रापुरात चाकण रस्ता पुणे-नगर रस्त्याला मिळतो, तिथं भरलेल्या गाड्या रात्रंदिवस चालू असतात. गाड्या आल्या की वजनकाटे आलेच, आणि काट्यांचे संगणक सांभाळणं हा माझा धंदा. गाडी काट्यावर चढली की खालच्या लोडसेलवरचा भार इंडिकेटर मोजतो आणि किलोचा आकडा सिरियल केबलमधून पाठवत राहतो. आजच्या संगणकांना सिरियल पोर्ट क्वचितच असतो, म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर लावतात. स्वस्तातल्या बऱ्याच कन्व्हर्टरांत सीएच३४० ही चिनी चिप असते.

एका गिऱ्हाइकाचा काटा लिनक्सवरून फ्रीबीएसडीवर न्यायचा होता. या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम युनिक्सच्या वळणाच्या. वजन वाचणारा माझा सी भाषेतला प्रोग्राम जवळपास तसाच चालला. पोर्ट उघडायचा, वेग ९६०० ठेवायचा, अक्षरं वाचायची, याचे नियम पॉसिक्स मानकानं १९८८ मध्येच घालून दिलेत. बदललं ते पोर्टचं नाव: टीटीवायूएसबी-० च्या जागी सीयूएयू-०.

खरी मेहनत त्याच्या खाली, सिस्टिमच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या ड्रायव्हरची. तिथं पॉसिक्सचे नियम लागू नाहीत. कोणत्या रजिस्टरात काय लिहिलं की ९६०० चा वेग मिळतो, हे चिप ठरवते; सिस्टिम कोणतीही असो, ते तेच राहतं. पण यूएसबीवरून माहिती कशी मागायची, कुलूप कधी लावायचं, मेमरी कधी सोडायची, हे ज्या त्या कर्नलचं. ड्रायव्हर नेणं म्हणजे पहिला भाग जपून दुसरा नव्यानं लिहिणं. मूळ लेखकानं दोन्हींची सरमिसळ केली असेल, तर पुढच्याचे हाल होतात.

सीएच३४० चा यूसीएचकॉम ड्रायव्हर २००७ मध्ये फ्रीबीएसडीच्याच कुळातल्या नेटबीएसडीसाठी लिहिला गेला आणि तिथून ओपनबीएसडी, फ्रीबीएसडीत गेला. लेखकानं फाइलच्या माथ्यावरच लिहून ठेवलंय की ही जगातली सर्वांत वाईट यूएसबी-सिरियल चिप आहे. तरीही त्यानं तिच्यासाठी ड्रायव्हर लिहिला, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. लिनक्समधला ड्रायव्हर मात्र सरळ उचलून फ्रीबीएसडीत नेता येत नाही. जीपीएल परवान्याची अट आड येते.

ड्रायव्हर एका सिस्टिमवरून दुसरीवर नेण्याचं हेच काम पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनं तिच्या परम महासंगणकांसाठी फार मोठ्या पातळीवर केलं. परम १०००० (१९९८) सोलारिसवर चालायचा, परम पद्म (२००३) एआयएक्सवर, परम युवा (२००८) लिनक्सवर. आणि तिन्हींत संगणक एकमेकांना जोडणारं जाळं सी-डॅकचं स्वतःचं, परमनेट. कार्डं सुधारत गेली, आणि दरवेळी ड्रायव्हरला नव्या कर्नलशी जुळवून घ्यावं लागलं.

काटा ताब्यात देण्याआधी मी वजन चालू असतानाच केबल उपटून पुन्हा लावतो. प्रोग्रामनं जुना पोर्ट सोडलेला नसेल, तर नवा पोर्ट शून्याऐवजी एक नंबरनं उगवतो. पडद्यावरचं वजन मग आधीच्याच गाडीचं राहतं, आणि पावती चुकीची निघते.