मुळा आणि निशिगंध: जमिनीखालची दोन कोठारे

परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या काळ्या जमिनीच्या गावात परसबाग करायची, तर मुळा आणि निशिगंध शेजारी लावून पाहावेत. दोघेही जमिनीखाली अन्न साठवतात, पण वेगवेगळ्या अवयवांत. मुळा म्हणजे फुगलेले सोटमूळ आणि त्याला लागून असलेला खोडाचा थोडा भाग. निशिगंधाचा कंद आखूड खोड आणि पानांच्या जाड तळांचा. उभ्या चिरलेल्या कांद्यात ही रचना सहज दिसते.

मुळ्याचे बी थंडीच्या तोंडावर जागच्या जागीच पेरावे. ४० ते ५० दिवसांत मुळे काढणीला येतात. अडचण मातीची. काळी माती सुकताना आवळते, ढेकळे होतात आणि वाट अडली की मुळाला फाटे फुटतात. म्हणून वीतभर खोल भुसभुशीत केलेला गादीवाफा हवा. ताज्या शेणखतानेही फाटे फुटतात. ते पूर्ण कुजलेलेच घालावे.

मुळा काढायचा राहिला, तर तो साठा फुलोऱ्यावर खर्च करतो आणि आतून भेंडाळतो. मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतात. त्यांची भाजी मुळ्याहून सरस, असे माझे मत!

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. कंद एप्रिल-मेमध्ये, वरंब्यावर लावावेत. पाणी साचले की ते कुजतात. एक कंद एकदाच फुलतो, पण बाजूची पिल्ले पुढे दांडे देतात. त्यामुळे लागवड साधारण तीन वर्षे टिकते. नंतर पाने पिवळी पडली की पाणी तोडावे आणि कंद खणून सावलीत सुकवावेत.